दीड टक्क्याची सात मिनिटं

३ सप्टेंबर

ही वही ताईने दिली. म्हणाली, "दुकानातली कुरकुर माझ्या कानाशी करण्यापेक्षा इथे कर." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती वरच्या मजल्यावर राहते, मी दुकानामागच्या खोलीत. जेवण वर, घड्याळं खाली. तेव्हा कुरकुरीनेच सुरुवात करतो.

आज सरकारी पत्रक आलं. एक ऑक्टोबरपासून कार्डाने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून एक छदामही जादा घ्यायचा नाही. माझ्या गल्ल्याजवळ नऊ वर्षं पाटी आहे, 'कार्डाने दिल्यास दीड टक्का जादा'. तबकडीवर आकडे काढायच्या ब्रशाने मी ती स्वतः रंगवली आहे. तो दीड टक्का काही मी खात नव्हतो. बँक माझ्याकडून घेते, तोच पुढे ढकलत होतो. आता बँक घेणार, पण मी ढकलायचा नाही. बँक आपलं शुल्क थोडं कमी करणार म्हणे. थोडं म्हणजे किती ते बारीक अक्षरात लिहिलंय. मी डोळ्याला भिंग लावून वाचलं, तरी कळलं नाही.

ताई म्हणाली, "चला, त्या पाटीवरून होणारी कटकट तरी संपली." संपली खरी.

५ सप्टेंबर

तलाववाल्या बाई आल्या होत्या. त्या मागच्या रस्त्यावरच्या तलावात पोहायला शिकवतात, म्हणून इथे सगळे त्यांना असंच म्हणतात. दर पंधरवड्याला शर्यतीची एक-दोन घड्याळं आणतात. नेहमीचंच दुखणं, पाणी शिरलेलं.

"पाण्याजवळ ठेवू नका म्हटलं होतं," मी म्हणालो.

"मी कुठे ठेवते? ती जातात."

मग नेहमीप्रमाणे मी रक्कम सांगितली, त्यांनी कार्ड काढलं, पाटीकडे बघितलं. आजच पहिल्यांदा दिसल्यासारखं बघतात.

"अजून दीड टक्का?"

"अजून."

"दीड टक्का देऊन एक टक्क्याचे पॉइंट घ्यायचे? मी पोहायला शिकवते, घड्याळवाले. बुडायला नाही. थांबा, रोख आणते."

पिशवी गल्ल्यावर ठेवून त्या कोपऱ्यापलीकडच्या एटीएमकडे जातात आणि सात मिनिटांनी परत येतात. मी काही मुद्दाम वेळ मोजत नाही, पण माझ्या दुकानात नजर जाईल तिथे घड्याळच आहे. तेवढ्यात मी किटली ठेवतो. कप दोन भरतो, कारण त्या किटलीत एकच कप पाणी नीट उकळत नाही. त्या येतात, चहा घेतात, बोलतात. नऊ वर्षं असं चाललंय.

बाई कार्डाचे पॉइंट जमवतात, पुरेसे साठले की बँक त्यांवर विमानाचं तिकीट देते. किराणा, वीजबिल, तलावातलं औषधसुद्धा तलावाच्या परवानगीने आपल्या कार्डावर घेतात. त्यांचा एकच भाऊ. दोन विमानं आणि वर एक बोट, एवढा लांब राहतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जाण्यायेण्याचे पॉइंट होतील, असा त्यांचा हिशेब आहे. भावाचं कंबरेचं हाड मोडलंय आणि तो हट्टी आहे. हट्ट कुठून आला ते मी विचारलं नाही.

त्या गेल्या तेव्हा चौतीस मिनिटं झाली होती. सहा घड्याळं तशीच राहिली.

१ ऑक्टोबर

पाटी काढली. खालचा रंग नवा निघाला, भिंतीवर स्वच्छ चौकोन दिसतोय.

दिवसभरात एकोणीस जणांनी कार्ड टेकवलं. एरवी तीन-चार. एका मुलीने तर पट्ट्याची इवलीशी पिन घेतली तीही कार्डाने. पिनेवर मला काय सुटतं ते इथे लिहिलं तर ताई हसेल.

३ ऑक्टोबर

बाई आल्या. मी रक्कम सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या चौकोनाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"निघाली का पाटी?"

"कायदाच आहे," मी म्हणालो. "आता जादा नाही. बिनधास्त कार्ड द्या."

त्यांनी कार्ड टेकवलं, मशीन वाजलं, मी पावती दिली. क्षणभर त्या उभ्या राहिल्या. "बरं मग," म्हणाल्या आणि गेल्या. सगळं मिळून दीड मिनिट.

धंद्याच्या दृष्टीने उत्तमच. गिऱ्हाईक इतक्या झटपट मोकळं झालं पाहिजे. किटली मात्र मी सवयीने आधीच ठेवली होती, ती उगाच तापली. दोन्ही कप मीच प्यायलो आणि पित्त झालं.

६ ऑक्टोबर

दर वाढवले. वाढवावेच लागले. बॅटरी बदलण्यापासून काच बसवण्यापर्यंत सगळ्यावर थोडं थोडं. शेजारच्या औषधवाल्याने तर या निमित्ताने हात धुऊन घेतलेत. खोकल्याच्या गोळ्यासुद्धा महागल्या आणि वर "कायदाच तसा आला, काय करणार" म्हणतो.

निवृत्त पोस्टमन बॅटरी बदलायला आले. नवा दर ऐकून म्हणाले, "मी जन्मात कार्ड वापरलं नाही. मला रे कशापायी वाढ?"

बरोबर आहे त्यांचं. पूर्वी कार्डवाल्याचा खर्च कार्डवाला भरायचा. आता तो सगळ्यांत वाटला गेलाय आणि रोख मोजून देणाऱ्या माणसाच्याही माथी आलाय. जुन्या दराने घेतले आणि "कुणाला सांगू नका" म्हटलं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन म्हातारे आले.

९ ऑक्टोबर

डोकं लढवलं. जादा घेता येत नाही, पण रोख देणाऱ्याला सवलत द्यायला तर बंदी नाही? औषधवाल्याला विचारलं, त्याने सगळे नियम पाठ केलेत.

"बंदी नाही. पण आणणार कोण रोख? कोपऱ्यावरचं एटीएम तर मार्चमध्येच उचलून नेलं."

"मार्चमध्ये?"

"तू दुकानाबाहेर पडतोस कधी? आता जवळचं म्हणजे स्टेशनातलं. जाऊनयेऊन वीस मिनिटं."

मार्चपासून सप्टेंबरपर्यंत बाई निदान बारा वेळा रोख आणायला गेल्या असतील. दर वेळी सात मिनिटांत परत. वीस मिनिटांचं अंतर सात मिनिटांत! पोहणाऱ्या माणसाचा दम वेगळाच असतो म्हणायचा. पण कधी धाप लागलेली दिसली नाही.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तू घड्याळं दुरुस्त करतोस, एवढंच." याचा अर्थ काय ते तिने सांगितलं नाही.

१० ऑक्टोबर

नवी पाटी रंगवली, 'रोख दिल्यास दीड टक्का सवलत'. जुन्या चौकोनावर बरोबर बसली.

ताई पोळीचा डबा घेऊन खाली आली आणि पाटीसमोर उभी राहिली. "ही कुणासाठी?"

"गिऱ्हाइकांसाठी."

"किती गिऱ्हाइकांसाठी?"

धंद्यातलं तिला कळत नाही.

१४ ऑक्टोबर

बाई आल्या. पाटी वाचली आणि हसल्या. लगेच पर्स उघडून नोट काढली. पर्समध्ये नोटांची चांगली जाड घडी होती. मला वाटलं आता जातील, पण त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. किटली ठेवली.

मनात आलं ते विचारून टाकलं. "एटीएम तर मार्चमध्येच काढलं. तुम्ही जात होतात कुठे?"

त्या लालबुंद झाल्या. "कोपऱ्यापर्यंत."

"कोपऱ्यावर तर काहीच नाही."

"नाहीच काही."

"मग सात मिनिटं करत काय होतात?"

"उभी राहत होते. चहा व्हायला वेळ लागतो ना."

हे गणित मला अजून सुटलेलं नाही. पैसे पर्समध्ये होते तर आधीच द्यायचे. चहा काय, मी तसाही केला असता.

मग खरी बातमी. त्यांच्या बँकेचं पत्र आलंय. दुकानदारांकडून मिळणारं शुल्क घटलं म्हणून एक नोव्हेंबरपासून पॉइंटची किंमत निम्मी. आज जे आहेत त्यात फक्त जाण्याचं तिकीट बसतं. एकतीस तारखेच्या आत काढलं तर तेवढं तरी मिळेल. थांबल्या तर जाण्याचंही नाही. "सात वर्षं जमवले हो," त्या म्हणाल्या. "सरकारने माझा दीड टक्का वाचवला आणि माझं येण्याचं तिकीट नेलं." काल त्यांनी बुकिंग केलं. बारा नोव्हेंबरचं विमान.

"आणि यायचं?"

"यायचं मग बघू. भाऊ म्हणतो, इकडेच राहा. तिकडेही तलाव आहे. तिकिटाला लागतात तेवढे पैसे साठेपर्यंत मी म्हातारी होईन."

मी म्हणालो, "तिकडे घड्याळं दुरुस्त करणारा असेल ना कुणी?"

त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धाच झाला होता. "असेल," म्हणाल्या आणि निघाल्या.

१६ ऑक्टोबर

काम होत नाही. काल एक बारीक स्क्रू पडला तो तासभर गुडघ्यांवर शोधला. आज एका जुन्या घड्याळाची स्प्रिंग तुटली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या गिऱ्हाइकाला भरपाई दिली.

बारा नोव्हेंबरला अजून सत्तावीस दिवस आहेत.

खरं लिहायला ही वही आहे म्हणून लिहितो. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. एका गिऱ्हाइकाच्या जाण्याने माणसाला इतकं वाईट वाटू नये.

१९ ऑक्टोबर

ताईने आज माझी टपालाची रास उपसली. मी बँकेची पाकिटं उघडत नाही, त्यात चांगलं काही नसतं. तिने एक उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे काय आहे? 'शिल्लक पॉइंट'."

"दंड असेल."

"दंड नाही रे. हे तुझे आहेत. सुटे भाग तू कार्डाने मागवतोस ना?"

अकरा वर्षं मागवतोय. स्प्रिंगा, काचा, पट्टे, बॅटऱ्यांची खोकी. ती ओळ महिन्याच्या महिन्याला खाली छापून यायची आणि मी तिला घाबरून पान उलटायचो. आकडा मोठा निघाला. माझ्याही बँकेने एक तारखेपासून ते निम्मे करायचं ठरवलंय.

"एवढ्यात काय येतं?" मी विचारलं.

ताईने मागचा तक्ता पाहिला. "मिक्सर येतात चौदा." मग बोट खाली सरकवत गेली. "नाही तर लांबच्या विमानाचं एक तिकीट. एकेरी."

ताई म्हणाली, "मला मिक्सर नकोय हं."

२१ ऑक्टोबर

दुकान बंद करून तलावावर गेलो. भरदुपारी दुकान बंद, औषधवाला बाहेर येऊन बघत होता. तलावावर फार ओल आहे, माझ्यासारख्याची छातीच दडपते. बाई शिटी वाजवत काठाकाठाने चालत होत्या. मी बाकावर बसून घामाने आणि वाफेने भिजलो.

बोलायचं पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. म्हणालो, "माझ्याकडे येण्याचं तिकीट आहे."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. त्या लगेच "नाही" म्हणाल्या. "मी कुणाचे पैसे घेत नाही."

"पैसे नाहीतच हे. मला ठाऊकही नव्हते. दहा दिवसांनी निम्मे सडणार आहेत. तुम्ही नाही घेतलं तर ताईच्या घरात चौदा मिक्सर येतील."

त्या हसल्या. मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मी परत यावं असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "तलावाला तुमच्यासारखं कुणी मिळणार नाही."

"तलावाचं विचारलं नाही मी."

तेवढ्यात एक पोरगी पाण्यात रडायला लागली आणि बाईंना जावं लागलं. जाताना "काढा तिकीट," म्हणाल्या. तारीख फेब्रुवारीची ठरली. काम झालं याचा इतका आनंद झाला की येताना छत्री तिथेच राहिली.

२३ ऑक्टोबर

बँकेला फोन केला. पाऊण तास वाजंत्री ऐकल्यावर एक मुलगी आली. गोड बोलायची.

"तिकीट स्वतःसाठी आहे की कुटुंबातल्या व्यक्तीसाठी?"

"दुसऱ्या व्यक्तीसाठी."

"कोण लागतात त्या तुमच्या?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक यादीत नाही, सर. जोडीदार, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण. एवढंच आहे."

आता आली पंचाईत. आजवर कुठल्या कागदावर खोटं लिहिलेलं नाही. पण खोटं लिहायचंच तर निदान सभ्य तरी लिहावं. एका बाईमाणसाच्या नावापुढे आपण भलतंसलतं लिहायचं आणि उद्या तिला लाज वाटायची, हे बरं नाही. ज्याने कुणाचीच बदनामी होणार नाही असं एकच नातं त्या यादीत होतं. म्हटलं, "बहीण."

तिकीट निघालं.

२४ ऑक्टोबर

ताईला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"बहीण? अरे, मला तरी विचारायचंस. या वयात मला धाकटी बहीण आणलीस!"

"मग काय लिहायला हवं होतं? सभ्यपणाने—"

"तुझ्या सभ्यपणाला आग लागो." ताई असं कधी बोलत नाही. "मार्चपासून ती बाई रिकाम्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहते, का, तर तुझा चहा उकळावा म्हणून. आणि तू तिचा भाऊ झालास! आज नाही तर उद्या तिला बँकेचा निरोप जाईल, मग बघ."

ताई वर निघून गेली. मी पाटीसमोर उभा राहिलो. ऐकू येतं ते सगळं लगेच आत पोचतंच असं नाही. दुपारी तीनच्या सुमारास, एका भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बसवताना, ते पोचलं. लंबक हातात तसाच राहिला.

२७ ऑक्टोबर

बाई आल्या नाहीत. पंधरवडा अजून झालेला नाही हे मला माहीत आहे. तरी सकाळपासून दाराकडे बघतोय.

औषधवाल्याकडून कळलं की त्या तलावावरून सरळ घरी जातात, मान खाली घालून. जाऊन काय सांगणार मी? मी तिकीट देऊन त्यांना तोडलं. तिकीट नसतं दिलं तर निदान दुखवलं तरी नसतं.

२९ ऑक्टोबर

सकाळी दुकान उघडलं आणि बाई समोर. केस ओले, फोन हातात, गळ्यात शिटी तशीच. बसल्या नाहीत.

"हे वाचते," म्हणाल्या. "'अभिनंदन. आपल्या बंधूंनी आपल्यासाठी तिकीट राखून ठेवलं आहे.'" मग फोन गल्ल्यावर ठेवला. "घड्याळवाले, भाऊ मला एक आहे. त्याचं कंबरडं सांभाळायला मी दोन विमानं आणि एक बोट करून चालले आहे. दुसरा भाऊ मला झेपणार नाही. तुमचं तिकीट तुम्हाला परत."

"चूक झाली," मी म्हणालो. पाच दिवस पाठ केलेल्यातलं एवढंच बाहेर आलं. मग म्हणालो, "मला तुम्ही परत यायला हव्या आहात. तलावासाठी नाही. मला."

त्यांनी स्टूल ओढलं.

"बदलता येतं का ते?" म्हणाल्या.

"एकतीसपर्यंत."

"काय काय आहे यादीत?"

मी फोनवर बँकेचं पान उघडलं. "आई-वडील."

"वय बसत नाही."

"मुलं."

"तेही नाही. आणखी?"

"भाऊ-बहीण होऊन गेलं."

"एक राहिलं असेल."

"पहिलं राहिलं."

"वाचा की मग."

वाचलं. आवाज माझाच होता का, ठाऊक नाही. बाईंनी शिटीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "तेच लिहा," म्हणाल्या.

मी ते लिहिलं. पान क्षणभर फिरत राहिलं आणि खाली लाल अक्षरं आली. विवाहनोंदणीचा दाखला तीस दिवसांत जोडावा, अन्यथा तिकीट रद्द होईल. मी ते मोठ्याने वाचलं आणि घाबरलो. म्हटलं, "हे असलं काही मला माहीत नव्हतं. तुमच्यावर जबरदस्ती नाही. तीस दिवस म्हणजे काहीच—"

"तीस कुठले? बारा तारखेला माझं विमान आहे." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "नोंदणी कचेरी किती वाजता उघडते?"

"साडेदहाला."

"आणि आता किती वाजले?"

माझ्या भिंतींवर सत्तेचाळीस घड्याळं आहेत, सगळी चालू, सगळी बरोबर. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मला एकाही घड्याळात वेळ दिसेना.

"सव्वानऊ," जिन्यावरून ताई म्हणाली.